जुन्याच टाक्यांतून दुप्पट पाणी

छोट्या शहराचे जलशुद्धीकरण केंद्र पंधरा वर्षांनंतरच्या गरजेचा अंदाज बांधून उभारतात आणि तीस-चाळीस वर्षे चालवतात. नगरपालिकांच्या बहुतेक केंद्रांच्या दुखण्याचे मूळ इथेच आहे. भुयारी गटार नसलेल्या गावासाठी केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेने माणशी रोज ७० लिटर पाणी धरले होते. २५ हजार वस्तीला या हिशेबाने साडेसतरा लाख लिटर लागतात. वाटेतली पंधरा टक्के गळती मिळवली की आकडा २० लाखांवर जातो. पुढे शहरात भुयारी गटार योजना येते आणि त्याच नियमपुस्तिकेनुसार दर १३५ लिटर होतो. वस्ती एका माणसानेही वाढली नाही, तरी तेच शहर आता रोज ३९ लाख लिटर मागू लागते.

केंद्र मात्र २० लाखांचेच राहते. मग मोठी मोटर बसवून जास्त पाणी त्याच टाक्यांतून ढकलले जाते. धरणाचे पाणी नितळ असते त्या महिन्यांत हे खपून जाते. जुलैत नदीला पूर आला की नळाला मातकट पाणी येते, गाळण्या तासातासाला तुंबतात, आणि सरकारी दवाखान्यात काही दिवसांत जुलाबाचे, तर काही आठवड्यांनी काविळीचे रुग्ण दिसू लागतात.

अशा वेळी जुन्या केंद्राशेजारी नवे केंद्र बांधण्याचा प्रस्ताव तयार होतो. निधीची सोयही आहे. राज्याचे नगरोत्थान महाअभियान आहे आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेले ‘अमृत २.०’ तर देशातल्या सगळ्याच नगरपालिका-नगरपंचायतींच्या पाणीपुरवठ्यासाठी आहे. काही ठिकाणी नव्या केंद्राला खरोखर पर्याय नसतो. पण जुन्या केंद्राच्या काँक्रीटच्या टाक्या अजून धडधाकट असतील, तर त्यांच्या भिंती तशाच ठेवून आतली रचना बदलता येते आणि तेवढ्याच जागेतून जवळपास दुप्पट पाणी, तेही अधिक स्वच्छ, काढता येते. हे ज्ञान परदेशातून आणावे लागत नाही. नागपूर जिल्ह्यातले रामटेक, जळगाव जिल्ह्यातले वरणगाव आणि नाशिक जिल्ह्यातले चांदोरी या गावांनी अशा स्वस्त आणि आटोपशीर रचनेची केंद्रे १९७० ते १९८० या दशकातच पाहिली आहेत. त्यांच्याकडे पुढे वळू. आधी पाणी शुद्ध होते म्हणजे काय होते, ते क्रमाने पाहायला हवे. कारण सुधारणा कुठे करायची हे त्या क्रमातूनच ठरते.

पावसाळ्यात महाराष्ट्राच्या पठारावरच्या नद्यांत उतरतो तो प्रामुख्याने काळ्या जमिनीचा गाळ. त्यातली वाळू आणि जाड कण लवकर खाली बसतात. चिकणमातीचे कण मात्र बसत नाहीत. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला बारा-तेरा दिवस घेतो. तीन मीटर खोल टाकीचा तळ गाठायला त्याला महिन्याहून जास्त लागेल, आणि टाकीत पाणी थांबते जेमतेम दोन-अडीच तास. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळे एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे एकत्र येऊन जड होणेही त्यांना जमत नाही. जिवाणू आणि विषाणूही याच जातीचे, ऋणभाराचे आणि अतिसूक्ष्म. म्हणून गढूळपणा घालवणे हे दिसण्यापुरते काम नाही. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीने पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळता मोजायचे एकक) असावी असे म्हटले आहे; दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच ५ पर्यंत चालते. पुराच्या पाण्याची गढूळता हजारांत जाऊ शकते, यावरून केंद्राला किती काम करायचे असते ते कळावे.

घागरीत तुरटीचा खडा फिरवून पाणी निवळवायची घरगुती रीत आणि केंद्रातली प्रक्रिया यांत तत्त्वाचा फरक नाही. तुरटी पाण्यात विरघळताच अ‍ॅल्युमिनियमचे धनभारित रूप तयार होते, ते कणांवरचा भार नाहीसा करते, आणि चिकट पांढुरके पुंजके बनू लागतात. ही रासायनिक क्रिया सेकंदभरात उरकते. म्हणून तुरटीचे द्रावण पडते तिथे पाणी जोरात घुसळले गेले पाहिजे. अनेक जुन्या केंद्रांत ते नुसते पाटात ठिबकत असते: अर्ध्या पाण्याला तुरटी जास्त होते, अर्ध्याला मिळतच नाही. त्यावरचा उपाय खर्चिक नाही. येणारे पाणी मोजायचा पाट, म्हणजे पार्शल फ्ल्यूम, बहुतेक केंद्रांत असतो. त्याच्या उतारावर पाणी जिथे उसळते तिथेच, पाटाच्या पूर्ण रुंदीभर भोके पाडलेल्या नळीने तुरटी सोडली की वेगळा मिक्सर चालवावा लागत नाही.

तुरटी किती घालायची, हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. उत्तर देणारी चाचणी सोपी आहे. एकेक लिटरच्या सहा काचपात्रांत नदीचे पाणी घ्यायचे, प्रत्येकात तुरटीची वेगवेगळी मात्रा घालायची, मिनिटभर जोरात आणि मग पंधरा-वीस मिनिटे सावकाश ढवळायचे, आणि अर्ध्या तासाने कुठले पाणी सर्वांत स्वच्छ झाले ते मोजायचे. याला जार टेस्ट म्हणतात. पावसाळ्यात ती दिवसातून एकदा तरी, आणि पूर चढत-उतरत असताना दर पाळीला करायला हवी. यंत्र बहुतेक केंद्रांत असते. कपाटातून ते बाहेर काढले जात नाही. तुरटी अंदाजाने, ‘पाणी लाल दिसतंय, दोन लाद्या जास्त टाका’ अशा हिशेबाने पडते. खरे तर केंद्राच्या सुधारणेचा सर्वांत स्वस्त भाग हाच आहे: रोजची जार टेस्ट आणि तिच्या निकालाप्रमाणे फिरवता येणारा डोसिंग पंप.

इथे प्रदेशाचाही विचार करावा लागतो. तुरटी पाण्यातली क्षारता खाते. एक मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या पाण्यात क्षारता भरपूर असते, म्हणून तिथे हा प्रश्न सहसा उठत नाही. कोकणातले पाणी मऊ, अल्पक्षार. तिथे पावसाळ्यात तुरटी वाढवली की पाणी आम्ल होते, पुंजके धरत नाहीत आणि विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम नळापर्यंत जाते. अशा ठिकाणी सोबत चुन्याची निवळी द्यावी लागते, किंवा पॅक, म्हणजे पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरावे लागते, कारण ते क्षारता कमी खाते. पॅक महाग पडते, पण त्याची मात्राही कमी लागते. दोन्हींचा हिशेब जार टेस्टवर मांडूनच निर्णय घ्यावा. शेजारच्या गावाने घेतले म्हणून घेऊ नये.

भार गेलेले कण आता एकमेकांवर आदळून मोठे व्हायला हवेत, आणि तेही हळुवारपणे, कारण वेग जास्त झाला तर बनलेले पुंजके फुटतात. यासाठी वीस ते तीस मिनिटांचे संथ ढवळणे लागते. १९८० नंतर बांधलेल्या बऱ्याच केंद्रांत हे काम क्लॅरिफ्लॉक्युलेटर नावाच्या गोल टाकीत होते. तिच्या मधल्या भागात पाती फिरतात आणि बाहेरच्या भागात गाळ बसतो. पाण्याचा ओघ दुप्पट केला की तीस मिनिटांची पंधरा होतात. त्यात गिअरबॉक्स बिघडून पाती बंद पडलेली असतील, तर पुंजके बनतच नाहीत आणि पुढचे सगळेच कोलमडते. कुठल्याही सुधारणेपूर्वी ही पाती फिरतात का, हे पाहायला हवे. छोट्या केंद्राला फिरत्या यंत्राऐवजी अडथळ्यांच्या भिंतींमधून नागमोडी पाणी नेणे किंवा गोट्यांच्या थरातून वर चढवणे जास्त मानवते. गोट्यांच्या फटींतून वाट काढताना पाणी आपोआप हलके घुसळले जाते, काही मिनिटांत पुंजके तयार होतात, आणि वीज लागत नाही. मोडायला त्यात काही नाही, हा छोट्या गावासाठी मोठाच गुण.

त्यानंतरची निवळणी टाकी ही सुधारणेला सर्वाधिक वाव देणारी जागा. अमेरिकी अभियंता अ‍ॅलन हेझन यांनी १९०४ साली दाखवून दिले की गाळ बसणे हे टाकीच्या खोलीवर नव्हे, तर तिच्या तळाच्या क्षेत्रफळावर ठरते. टाकी दुप्पट खोल केली तर पाणी दुप्पट वेळ थांबते खरे, पण कणालाही दुप्पट खाली जावे लागते. पदरात काही पडत नाही. याच विधानाची दुसरी बाजू अशी की टाकीच्या आत आणखी ‘तळ’ घालता आले, तर तिची क्षमता वाढते. ट्यूब सेटलर म्हणजे नेमके तेच. पाच सेंटिमीटर रुंदीच्या पीव्हीसीच्या चौकोनी नळ्यांचे गठ्ठे साठ अंशांत तिरपे करून टाकीच्या वरच्या भागात बसवतात. पाणी नळ्यांतून वर चढते. कणाला आता तीन मीटर नव्हे, काही सेंटिमीटरच खाली यायचे असते. तो नळीच्या भिंतीवर टेकतो, आणि साठ अंशांचा उतार असल्यामुळे जमलेला गाळ आपल्याच वजनाने घसरून तळाशी पडतो. उतार कमी ठेवला तर गाळ नळीतच चिकटून बसतो, म्हणून साठ अंशांबाबत तडजोड करू नये.

हे काम उन्हाळ्याआधी काही आठवड्यांत होते. टाकीची भिंत पाडावी लागत नाही. गठ्ठे पेलणारे तुळईचे जाळे आणि पाणी उचलणारे नवे पन्हाळे एवढेच लागते. मात्र ट्यूब सेटलरला एक पथ्य आहे: खालचा गाळ वेळच्या वेळी काढलाच पाहिजे. दुप्पट पाणी म्हणजे दुप्पट गाळ. जुनी गाळ काढायची वाहिनी आणि तिचा व्हॉल्व्ह तेवढ्यासाठी पुरेसा नसेल, तर गाळ नळ्यांपर्यंत चढतो आणि सगळा खर्च वाया जातो. पावसाळ्यात दर काही तासांनी तो सोडावा लागतो. सूर्यप्रकाशाने नळ्यांत शेवाळ धरते. टाकीतले पाणी खाली उतरवून, फवारा मारून तेही धुवावे लागते.

निवळणी टाकीतून निघणारे पाणी नुसत्या डोळ्यांना बरेच स्वच्छ दिसते, पण त्यात अजून दहा-वीस एनटीयूचा बारीक अंश असू शकतो. तो धरायचे काम वाळूच्या गाळणीचे. गाळणी चहाच्या गाळणीसारखी काम करत असेल असे वाटणे साहजिक आहे, पण तसे होत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूतल्या फटी चिकणमातीच्या कणाच्या कितीतरी पट मोठ्या असतात. कण फटीत अडकत नाही, तो वाळूला चिकटतो. आणि चिकटण्यासाठी त्याच्यावरचा भार तुरटीने घालवलेला असावा लागतो. म्हणूनच ‘हिवाळ्यात पाणी नितळ आहे, तुरटी बंद ठेवा’ हा अनेक केंद्रांतला रिवाज धोक्याचा आहे. नितळ पाण्यातले थोडे कण, आणि त्यांच्यासोबतचे जंतू, अशा वेळी वाळूतून सरळ पार जातात. मात्रा कमी करावी; बंद करू नये.

१९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जे घडले, ते गाळणीकडे दुर्लक्ष केल्याचे सर्वांत मोठे उदाहरण ठरले. एका केंद्राच्या गाळलेल्या पाण्याची गढूळता काही दिवस १.७ एनटीयूपर्यंत चढली. त्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळात गेला. क्लोरिनला तो दाद देत नाही. सुमारे चार लाख लोक आजारी पडले. ज्या आकड्याला आपल्याकडचे कित्येक ऑपरेटर ‘उत्तम पाणी’ म्हणतील, त्या आकड्यावर हे झाले. म्हणून गाळणीतून पाणी बाहेर पडते तिथे गढूळता मोजणारे यंत्र ही चैन नव्हे.

जलद वाळू गाळणीतून ताशी पाच मीटरच्या आसपास वेगाने पाणी खाली उतरवतात, म्हणजे एका चौरस मीटरमागे ताशी पाच हजार लिटर. रोज बावीस तास चालणाऱ्या २० लाख लिटरच्या केंद्राला या दराने १८ चौरस मीटर गाळणी लागते. वेग तसाच दुप्पट केला तर वाळू तग धरत नाही, आणि याचे कारण तिच्या थरांत आहे. गाळणी उलट्या प्रवाहाने धुतली की बारीक वाळू वर आणि जाड खाली अशी बसते. पाणी वरून येते, म्हणून सगळी घाण वरच्या काही सेंटिमीटरांत साचते. खालची दोन फूट वाळू जवळपास कोरीच राहते. थर उलटे असते, म्हणजे वर जाड आणि खाली बारीक, तर पूर्ण खोली कामाला आली असती. एकाच पदार्थाने ते शक्य नाही, दोन पदार्थांनी आहे. वरचा पदार्थ आकाराने जाड पण वजनाने हलका हवा, म्हणजे धुतल्यानंतरही तो वरच राहील. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी अँथ्रासाइट कोळसा वापरतात. भारतात तो सहज मिळत नाही.

या अडचणीवर महाराष्ट्रातच उत्तर निघाले. पाणीपुरवठ्याच्या कामातले इथले अभियंता जे. एन. कर्डिले यांनी नारळाची करवंटी फोडून, एक-दोन मिलिमीटरचे तुकडे चाळून, ते वाळूवर अंथरले. करवंटी कठीण असते, सहजासहजी कुजत नाही, आणि पाण्याच्या दीडपटीहून हलकी असते. वाळू पाण्याच्या अडीचपटीहून जड. धुतल्यावर दोघी आपापल्या जागी परत येतात. रामटेकला १९७३ मध्ये, वरणगावला १९७७ मध्ये आणि चांदोरीला १९८० मध्ये अशी द्विस्तरीय गाळणी असलेली केंद्रे सुरू झाली. रामटेकचे पाणी एरवी फारसे गढूळ नसते, म्हणून तिथे गाळणीआधी फक्त गोट्यांचा थर पुरला. वरणगावजवळची तापी पावसाळ्यात गाळाने भरून वाहते. तिथे गोट्यांच्या थरात पुंजके बनवायचे, ट्यूब सेटलरमध्ये बसवायचे आणि मग दोन थरांतून गाळायचे, अशी पूर्ण साखळी उभी राहिली. विकसनशील देशांतल्या जलशुद्धीकरणावर शुल्झ आणि ओकुन यांनी १९८४ साली लिहिलेल्या ग्रंथात या केंद्रांची दखल घेतली गेली. महाराष्ट्राच्या गावांत सिद्ध झालेली ही रचना इथल्याच नगरपालिकांना आज पुन्हा सांगावी लागते, याची खंत वाटते.

द्विस्तरीय गाळणी ताशी दहा मीटरच्या वेगाने चालू शकते. तीच १८ चौरस मीटरची गाळणी मग बावीस तासांत सुमारे ४० लाख लिटर पाणी देते. वर काढलेला ३९ लाखांचा आकडा यात बसतो. पण हा हिशेब कागदावरचा आहे, आणि इथेच अनेक योजना फसतात. गाळणीची वाळू बदलली तरी तिच्यातून पाणी बाहेर नेणारा नळ जुन्याच व्यासाचा असतो. त्यातून दुप्पट पाणी नेताना दाबाची हानी चौपट होते. आत येणारा पाट काठोकाठ भरतो, मधल्या भिंतीवरून पाणी उसळते. म्हणून काम हाती घेण्याआधी नदीकाठच्या जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपासून, शुद्ध पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक नळ, पाट आणि व्हॉल्व्ह वाढीव ओघाला पुरतो का, हे पातळी मोजून तपासावे लागते. एक गाळणी धुण्यासाठी बंद असताना उरलेल्यांवर किती भार येतो, तोही धरावा लागतो. दोनच गाळण्या असतील तर धुण्याच्या वेळी उरलेलीवर एकदम दुप्पट वेग येतो. अशा केंद्रात तिसरी बांधणे भागच असते.

धुण्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण चांगल्या गाळणीचा घात तिथेच होतो. आधी पाच मिनिटे खालून हवा, मग दहाएक मिनिटे पाणी, असा क्रम असतो. ब्लोअर नादुरुस्त असला की हवा वगळली जाते. चिकट घाण सुटत नाही, तिचे गोळे बनतात, ते वाढत जातात, थराला भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून न गाळता खाली जाते. खालच्या खड्याचे थर एकदा विस्कटले की नुसती वर वाळू घालून उपयोग नाही. पूर्ण गाळणी उपसून, तळाच्या नोझल बदलून, नव्याने भरावी लागते. धुतल्यानंतरची पहिली काही मिनिटे पाणी गढूळच येते. ते शुद्ध टाकीत न घेता बाहेर सोडायची वाहिनी असावी, आणि नसेल तर सुधारणेच्या आराखड्यात ती पहिल्या क्रमांकाला हवी. धुण्यासाठी एकूण पाण्याच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी खर्ची पडू नये असा संकेत आहे. हे पाणी टाकीत निवळवून पुन्हा सुरुवातीला आणता येते; उन्हाळ्यात टँकर लावणाऱ्या शहराला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

शेवटची पायरी निर्जंतुकीकरणाची. गावोगावी ते टीसीएल पावडरने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने होते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असते, पण दमट गोदामात पडून ते झपाट्याने उतरते. ४० लाख लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर ८ किलो क्लोरिन लागते. पावडर ताजी असेल तर २४ किलो पुरेल. २५ टक्क्यांवर उतरली असेल तर ३२ किलो लागेल. पोत्याची ताकद न तपासता रोज ठरावीक डबे टाकणाऱ्या केंद्राला आपण काय घालतो हे कळत नाही. मोठी शहरे क्लोरिन वायूचे टनर वापरतात, पण वस्तीला लागून असलेल्या, सुरक्षेची साधने आणि प्रशिक्षित माणसे नसलेल्या केंद्रात तो वायू ठेवणे जोखमीचे आहे. छोट्या शहराला मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागेवरच सोडियम हायपोक्लोराइट बनवणारे यंत्र परवडू शकते. किलोभर क्लोरिनला साधारण तीन-साडेतीन किलो मीठ आणि चार-पाच युनिट वीज लागते.

क्लोरिनला वेळही द्यावा लागतो: पहिल्या नळापर्यंत पोचण्याआधी किमान अर्धा तास. शुद्ध पाण्याची टाकी पुरेशी मोठी असूनही एका कोपऱ्यातून आत आलेले पाणी सरळ दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडत असेल, तर तो अर्धा तास मिळत नाही. टाकीत दोन-तीन आडव्या भिंती घालून पाण्याला वळणे दिली की हे दुरुस्त होते. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरले पाहिजे. गावात ‘ओटी टेस्ट’ म्हणून ओळखली जाणारी ऑर्थोटोलिडिनची चाचणी आता मागे पडून डीपीडीची चाचणी आली आहे. ती जास्त भरवशाची आहे.

तरीही क्लोरिन म्हणजे सगळ्यावरचा उतारा नव्हे. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेवरच्या पाणी उचलण्याच्या जागेत नाल्याचे सांडपाणी शिरले. केंद्राने तुरटी आणि क्लोरिन वाढवले. विषमज्वरासारखे जिवाणूंचे आजार बळावले नाहीत, पण कावीळ पसरली आणि काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना ती झाली. पुढे तो हेपटायटिस ई असल्याचे निष्पन्न झाले. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांच्या जॅकवेलच्या वरच्या अंगाला दुसऱ्या गावाचे सांडपाणी नदीत उतरते. त्यातला अमोनिया क्लोरिन खाऊन टाकतो. अमोनियातल्या एक भाग नायट्रोजनमागे आठ-दहा भाग क्लोरिन खर्ची पडल्यावरच मुक्त क्लोरिन उरू लागते. अशा ठिकाणी केंद्र कितीही सुधारले तरी अपुरेच पडते. जॅकवेल वर सरकवणे किंवा धरणातून थेट जलवाहिनी आणणे हीच खरी सुधारणा. नेहमीच्या मात्रेतली तुरटी, वाळू आणि क्लोरिन विरघळलेले क्षार, नायट्रेट, फ्लोराइड काढत नाहीत, हेही आराखडा करताना स्पष्ट असावे.

या सगळ्याआधी एक काम करायचे असते, आणि बहुतेक वेळा तेच राहून जाते. केंद्रात किती पाणी येते, किती बाहेर पडते आणि नळापर्यंत किती पोचते, हे मोजणे. फ्लो मीटर बंद असलेल्या केंद्राची क्षमता वाढवायचा निर्णय हा अंधारातला निर्णय आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यातले तीस-चाळीस टक्के जमिनीत मुरत असेल, तर केंद्र दुप्पट करण्यापेक्षा वाहिन्या बदलणे शहाणपणाचे. गळक्या वाहिनीचा दुसराही धोका आहे. दिवसाआड पाणी सोडणाऱ्या गावात वाहिनी रिकामी असताना त्याच भोकांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते आणि केंद्रात केलेले काम नासते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा छोट्या गावालाही हे जमते हे राज्याने पाहिले.

मनुष्यबळाचा प्रश्न यंत्रांइतकाच मोठा आहे. कॅनडातल्या वॉकर्टन या पाचएक हजार वस्तीच्या गावात मे २००० मध्ये जोरदार पावसाने शेणखताचे पाणी एका उथळ विहिरीत शिरले. सात माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. न्यायालयीन चौकशीत दिसले की क्लोरिनची नोंद वर्षानुवर्षे न मोजताच लिहिली जात होती. वहीत तेच ते आकडे होते. चालवणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांना प्रशिक्षण नव्हते आणि वही कुणी तपासत नव्हते. आपल्याकडे केंद्र ठेकेदाराकडे दिलेले असते, तीन पाळ्यांत तीन माणसे असतात, आणि त्यांच्याकडून व्हॉल्व्ह फिरवणे, पंप सांभाळणे, पाणीपट्टीची तक्रार ऐकणे आणि पाण्याची चाचणी करणे अशा सगळ्याच गोष्टींची अपेक्षा असते. सुधारणेच्या अंदाजपत्रकात एक रसायनतज्ज्ञ, गढूळतामापक, जार टेस्टचे यंत्र आणि त्यांच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम धरलेली नसेल, तर ते अंदाजपत्रक अपुरे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत. जंतूंची तपासणी तिथे नियमित करून घ्यावी. पण रोजची गढूळता आणि क्लोरिन हे केंद्रातच मोजायचे.

शहराचा पुरवठा चालू ठेवून हे काम करायचे, तर वेळ निवडावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे: पाणी नितळ असते आणि उन्हाळ्याची मागणी अजून सुरू झालेली नसते. एका वेळी एकच गाळणी उपसायची, भरायची, धुऊन तपासायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. निवळणी टाकी दोन भागांत असेल तर आधी एक भाग. गाळ आणि धुण्याचे पाणी नदीत परत सोडण्याची जुनी सवय याच वेळी मोडता येते. गाळ वाळवायचे वाफे आणि वाळलेला गाळ टाकायची जागा कंत्राटात आधीच धरावी.

काम पूर्ण झाल्याचा दाखला मात्र फेब्रुवारीत देऊ नये. नितळ पाण्यावर कुठलेही केंद्र चांगले चालते. नव्या रचनेने एक पूर्ण पावसाळा काढला पाहिजे. पुराच्या दिवसांत प्रत्येक गाळणीची गढूळता स्वतंत्रपणे, दर तासाला मोजलेली असावी. सगळ्या गाळण्यांचे एकत्र झालेले पाणी मोजून भागत नाही, कारण त्यात एक बिघडलेली गाळणी बाकीच्यांच्या आड लपते. ठेकेदाराची शेवटची रक्कम या नोंदी हातात आल्यावर, साधारण ऑक्टोबरात द्यावी.